पादत्राणे काढून चालावे

आमच्या कोलशेतच्या बागेत एक पाटी आहे. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय, 'कृपया पादत्राणे काढून चालावे.' खाली दोन उघड्या पावलांचं चित्र आणि त्या पावलांवर ठिपके. एक ठिपका डोळ्यांचा, एक मूत्रपिंडाचा, एक साखरेचा. पाटीजवळून एक गोल वाट सुरू होते. तिच्यात गुळगुळीत खडे सिमेंटमध्ये उभे बसवलेले आहेत. सकाळी सहा-सातला पेन्शनर मंडळी तिथे दातओठ खात चार फेऱ्या मारतात आणि घरी जाऊन चहात दोन चमचे साखर घालतात. मागच्या वैशाखात मी त्या पाटीचं ऐकलं, म्हणजे बाबाला ऐकायला लावलं. त्यात त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला.

बाबाला मी अरे-तुरे करते, कारण आमच्यात करतात. लग्न होऊन मी डोंबिवलीला गेले ते देशावरच्या घरात. तिथे फोनवर "बाबा, तू जेवलास का?" असं मी विचारलं तेव्हा सासूबाईंना वाटलं मी धाकट्या भावाशी बोलतेय. खरं कळल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांच्या समाधानासाठी मी एकदा "अहो बाबा" म्हणून पाहिलं. पलीकडून बाबा म्हणाला, "कोन पायजे तुमाला?" मग मी तो नाद सोडला.

बाबाचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलं. आत्ता जिथे बाग आहे, तिथेच. थोडी भातशेती स्वतःची होती, बाकी खाडीकाठी मीठ. पुढे मिठागर बंद पडलं, शेतावर टॉवर आला आणि बदल्यात आम्हाला त्यात फ्लॅट मिळाले. आई त्या फ्लॅटमध्ये जेमतेम वर्षभर राहिली आणि गेली. अकराव्या मजल्यावर, भाऊ-वहिनीच्या संसारात, बाबाला करण्यासारखं काही नव्हतं. पहाटे उठायचं, लिफ्टने खाली यायचं आणि बागेच्या वाटेने खाडीकडच्या जाळीपर्यंत चालून परत यायचं, हा त्याचा दिवस. ते चालणं एवढंच त्याचं म्हणून उरलं होतं. ते टिकावं असं आम्हा सगळ्यांनाच वाटे. मला जरा जास्तच वाटे, आणि घात तिथेच झाला.

आमच्या घरात एक गोष्ट नेहमी सांगितली जायची. मिठाच्या कोंडीत पाणी तापून मीठ धरायला लागलं की नाही, हे बाबा पाय घालून सांगायचा. बाकीचे वाकून बघायचे, बोटाने चाखायचे. बाबा बांधावरून सरळ आत उतरायचा, क्षणभर उभा राहायचा आणि म्हणायचा, आज नको, परवा ओढा. त्याचा शब्द चुकत नसे. भर उन्हात, उकळायला आलेल्या खाऱ्या पाण्यात अनवाणी. ही गोष्ट मी शाळेत सांगितली, कॉलेजात सांगितली, नवऱ्याला सांगितली. माझ्या बापाचे पाय लोखंडाचे आहेत, असा त्या गोष्टीचा अर्थ मी लावला होता.

बाबाला साखर निघाली तेव्हा आम्ही फारसं मनावर घेतलं नाही, कारण ती आता घरटी एकाला असतेच. मागच्या वर्षी ठाण्याच्या डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला सांगून तळव्यांना एक बारीक ताठ दोरा टोचून पाहिला. लागलं की सांगायचं होतं. बाबा अंदाजाने "लागला" म्हणत राहिला, आणि बहुतेक वेळा दोरा हवेत असायचा. डॉक्टर म्हणाले, पायांची जाणीव गेली आहे. चप्पल घातल्याशिवाय घरातसुद्धा फिरायचं नाही आणि रोज तळवे तपासायचे. वहिनीने ते सगळं औषधाच्या फाइलवर लिहून घेतलं. मी शेजारीच बसले होते. मी मात्र 'जाणीव गेली' एवढंच ऐकलं आणि ती परत कशी आणायची याच्या मागे लागले.

वहिनीने त्याला आतून मऊ रबर असलेली डॉक्टरी चप्पल आणली. मागे पट्टा, पुढे पट्टा. ती घातल्याशिवाय बाबाला ती न्हाणीघरातही जाऊ देत नसे. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की त्याला सोफ्यावर बसवून, पाय मांडीवर घेऊन, हातआरसा धरून तळवे बघायची. मला ते बघवत नसे. मला वाटायचं, हिने माझ्या बापाचं तान्हं मूल करून टाकलंय. बाबाही माझ्याकडे तक्रार करायचा, "तुजी वयनी मना पोरासारका चपला घालते." मी त्याला हसायचे आणि आतून वहिनीवर चिडायचे. नणंदेला चिडायला फार कारण लागत नाही. तिचं सगळं बरोबर होतं, हे आज लिहिताना हात जड होतो.

त्याच सुमाराला मला मोबाइलवर खड्यांच्या वाटेची माहिती आली. अनवाणी चाला, बधिर पायांत जान येते, साखर उतरते. माझ्या ऑफिसातल्या एका बाईंच्या सासऱ्यांना म्हणे गुण आला होता. आणि बागेत तर ती वाट तयारच होती, पाटीसकट. मी बाबाला फोनवर म्हटलं, "रविवारी येते. आपण दोघं जाऊ. वहिनीला सांगू नकोस." बाबा इतका खूश झाला की त्याने दोनदा विचारलं, "चपला काढून ना?"

सकाळी सहाला पोहोचते असं मी सांगितलं होतं. पण आदल्या रात्री एका हळदीला गेले, नाचले, आणि सकाळी डोळाच उघडला नाही. दोन रिक्षा आणि एक बस करून कोलशेतला पोहोचले तेव्हा साडेअकरा होत होते. बाबा साडेपाचपासून टोपी घालून दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. त्याने चहाही बसल्या जागीच घेतला होता. वहिनी म्हणाली, "आता ऊन फार झालंय हो. संध्याकाळी घेऊन जा ना त्यांना." ती अगदी साधं बोलली होती, पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, "त्याला उन्हाचं कौतुक नको सांगूस. त्याचा जन्म उन्हात गेलाय." बाबा तोवर लिफ्टपाशी पोहोचला होता.

बाग अकराला बंद होते आणि पुन्हा चारला उघडते. वॉचमन कुलूप लावून डबा खायला बसला होता. बाबाला बघून तो उठला आणि म्हणाला, "आजोबा तुम्ही व्हय? दहा मिनटं हां ताई, साहेब आला तर मला बोलंल." आत चिटपाखरू नव्हतं. झाडं लावून चारेक वर्षं झाली असतील, त्यांची सावली त्यांच्या बुंध्यालाच पुरत होती. पेव्हर ब्लॉकवरून धग वर येत होती आणि माझ्या सँडलच्या आतपर्यंत ती लागत होती. व्यायामाच्या लोखंडी यंत्रांना हात लावायची सोय नव्हती. खाडीकडून वारा नव्हता, नुसता चिखलाचा वास होता.

बाबा मात्र सुटलेल्या वासरासारखा पुढे चालला होता. "बग, इकरं मोठा बांध व्हता." "या झोक्याखाली आमची कोंडी. तुजी आयस इकरंच टोपली घेऊन उबी रावची." मी हं हं करत होते. हे मी शंभरदा ऐकलं होतं आणि माझं लक्ष वेळेकडे होतं. खड्यांच्या वाटेपाशी आल्यावर तो पाटीखाली थांबला. त्याला वाचायला अडखळायला होतं, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवलं. मग मीच खाली बसले, मागचा पट्टा सोडला, पुढचा सोडला आणि त्याच्या दोन्ही चपला काढून हातात घेतल्या. बाबाने शेजारच्या नळावर पाय धुतले, वाकून वाटेला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि खड्यांवर चढला. मिठागरात उतरतानाही तो असाच वाकायचा.

"गरम आहे का रे?" मी विचारलं.

त्याने दोन पावलं टाकली आणि उभा राहिला. कोंडीत उभा राहायचा तसाच. मग म्हणाला, "छ्या. गार लागतं."

मी एक सँडल काढून खड्यावर पाय टेकवला आणि ओरडून मागे घेतला. तव्याला हात लागावा तसं झालं. तळवा चोळत मी बाबाकडे बघितलं. तो आरामात चालत होता. त्या क्षणी मला काय वाटलं ते खरं सांगायला हवं. मला अभिमान वाटला. जाणीव गेलेला माणूस माझ्या डोळ्यांसमोर निखाऱ्यांवर चालत होता, आणि मी म्हणत होते, बघा, याला म्हणतात मिठागरातले पाय. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा नुसता बैल रिकामा राहिला असता तर बरं झालं असतं.

मी मोबाइल काढला आणि शूटिंग सुरू केलं. वाटेला एका बाजूने स्टीलचा कठडा आहे. वळणावर बाबाने त्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला. हाताकडे बघितलं. मग खाली पायांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून हसला आणि पुन्हा चालायला लागला. "बाबा, अजून एक फेरी," मी म्हटलं. माझा आवाज त्यात स्पष्ट ऐकू येतो. त्याने आणखी चार मारल्या. वॉचमनची दहा मिनिटं कधीच संपली होती. तो डबा खाऊन तिथेच लवंडला असावा.

घरच्या ग्रुपवर मी व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं, 'वय अठ्ठ्याहत्तर, वैशाखाचं ऊन, पायात काही नाही!' अंगठे आले, जोडलेले हात आले, आत्याने सोन्याच्या पावलांबद्दल काहीतरी लिहिलं. खरं तर मला त्या सगळ्यांपेक्षा वहिनीने तो बघायला हवा होता. बाबाला चपला घालून मी लिफ्टमध्ये सोडलं आणि वर न जाताच डोंबिवलीला परतले, कारण वहिनीपुढे जायची माझी हिंमत नव्हती, हेही तेवढंच खरं.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. तिने आरसा घेऊन तळवे बघितले होते. चप्पल काढताना डाव्या पायाची कातडी चपलेबरोबर आली होती. उजव्यावर फोड होते. ती ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "त्यांनी चपला का काढल्या?"

मी म्हटलं, "मला काय माहीत? काढल्या असतील त्याने. ऐकतो का तो कुणाचं?"

फोन ठेवल्यावर मी पहिलं काम केलं ते ग्रुपवरचा व्हिडिओ सगळ्यांसाठी डिलीट करण्याचं. मोबाइलमधला ठेवला. तो पुन्हा लावला तेव्हा मला खड्यांवर ओले ठसे दिसले. बाबाने पाय धुतले होते, त्याचं पाणी असेल, असं मी शूटिंग करताना धरून चालले होते. पण ते पाणी त्या उन्हात दोन पावलांत सुकलं असतं. हे ठसे पाचव्या फेरीतले होते.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यात झालं नाही. उजवा पाय भरला. डावा भरेना. आधी दोन बोटं गेली. मग पुढचा अर्धा पाय. पावसाळा मध्यावर आला तेव्हा गुडघ्याखाली कापावा लागला. पहिल्याच दिवशी तिथल्या तरुण डॉक्टरने जरा रागाने विचारलं होतं, "आजोबा, अनवाणी चालायला सांगितलं कुणी तुम्हाला?" खोलीत भाऊ होता, वहिनी होती, मी होते. मी तोंड उघडलं होतं असं मला वाटतं. बाबा म्हणाला, "कोन सांगनार? मीच गेलतो. मिठागरातला मानूस, मना चपला नाय चालत." भाऊ त्याच्यावर भडकला. वहिनीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि सलाइनच्या नळीकडे बघायला लागली. तिने व्हिडिओ बघितला होता. त्यातला माझा आवाज तिने ऐकला नसेल, असं मला कधीच वाटलं नाही. ती आजवर एका शब्दाने बोललेली नाही. तिने मला फाडून खाल्लं असतं तर मला निदान रडता आलं असतं.

आता मी दर रविवारी जाते. वेळेवर जाते. बाबाला चाकाच्या खुर्चीत बसवून बागेत नेते, खाडीकडच्या जाळीपर्यंत आणि परत. खड्यांची वाट आली की खुर्ची दुसऱ्या बाजूने काढते. बाबा त्यावर कधी काही म्हणाला नाही. तो हल्ली कमी बोलतो. इथे बांध होता, तिथे कोंडी होती, हेही सांगत नाही. मीच विचारते, बाबा, आईची टोपली कुठे असायची? तो मान हलवतो, असायची कुठेतरी.

या वैशाखात एका रविवारी लिफ्ट बंद पडली होती. दुरुस्त होईपर्यंत साडेदहा वाजले. मी म्हटलं, आज राहू दे. बाबा म्हणाला, "चल." तेच ऊन होतं आणि तोच चिखलाचा वास. माणसं घरी परतत होती. खड्यांच्या वाटेशी आल्यावर मी खुर्ची वळवायला लागले तर बाबाने चाकावर हात ठेवला.

"थांब वाईच."

मी थांबले. पाटीची सावली त्याच्या मांडीवर पडली होती. जिथे पाय संपतो तिथे लेंग्याची घडी घालून वहिनीने पिन लावली होती. तो खड्यांकडे बघत होता.

"तापलंय?" त्याने विचारलं.

मी वाकून हात टेकवला. एका जागी फार वेळ ठेववेना. "हो," मी म्हटलं.

आणि मग वर्षभर न बोललेलं ते बाहेर आलं. मी खाली बसूनच बोलले, त्याच्या तोंडाकडे न बघता. म्हटलं, "बाबा, चपला मी काढल्या होत्या. तू डॉक्टरला खोटं का सांगितलंस? तुला तर काही कळलंही नाही. तुला गार लागत होतं. मला चटका बसला होता, मला कळायला हवं होतं."

"मना समजला व्हता गो बाय," बाबा म्हणाला.

मी वर बघितलं.

"जलम मिठागरान गेला माजा. वैशाखान दगर गार लागतंय व्हय कवा? पयला पाय ठेवला तवाच वाटला, यो पाय मेला. मंग दांड्याला हात लावला. हात भाजला, पाय नाय भाजला. तवा नक्की समजला."

माझ्या इतक्या वर्षांच्या गोष्टीचा अर्थ मला तिथे उमगला. लोखंडाचे पाय कोंडीतलं पाणी ओळखत नाहीत. बाबाच्या तळव्याला सगळ्यात जास्त कळायचं, म्हणून लोक त्याला विचारत होते. आणि त्या दिवशी मीच त्याला विचारलं होतं, गरम आहे का रे?

"मग उतरला का नाहीस?" मी विचारलं. "समजलं होतं तर पाच फेऱ्या का मारल्यास?"

बाबाने खांदे उडवले. लहान मुलाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं तितक्या सहज तो म्हणाला, "तू शूटिंग करत व्हतीस ना."

गेटपाशी वॉचमनने शिट्टी मारली. बाबाच्या उजव्या पायातल्या चपलेचा मागचा पट्टा सुटला होता. मी तो लावला, दोनदा ओढून बघितला आणि खुर्ची वळवली.